ओल्ड स्कूल रूनस्केप: स्मिथिंग २२ वर अडकलंय, शस्त्रं करून लेव्हल कशी वाढवायची?

तुम्ही खानापूरहून लिहिलंय: ओल्ड स्कूल रूनस्केप या ऑनलाइन गेमचं फ्री अकाउंट आहे, मोबाइलवर खेळता, स्मिथिंग (लोहारकामाचं स्किल) २२, आठवडाभर लोखंडी डॅगर ठोकताय तरी लेव्हल हलत नाही, आणि शेवटी स्वतःच्या हातानं रून सिमिटार (वाकडी तलवार) करून ती वापरायची आहे. त्या शेवटच्या इच्छेपासूनच सुरुवात करतो, घोळ तिथंच आहे.

रून सिमिटार वापरायला अटॅक (हल्ल्याचं स्किल) ४० लागतो, म्हणजे ३७,२२४ एक्सपी (अनुभवाचे गुण). तीच सिमिटार ऐरणीवर करायला स्मिथिंग ९० लागतं, म्हणजे ५३,४६,३३२ एक्सपी. जवळजवळ १४४ पट. चहाला दूध हवं म्हणून कुणी म्हैस बांधत नाही. सिमिटार ग्रँड एक्स्चेंजवर, म्हणजे गेममधल्या बाजारात, विकत घ्या. हाय अल्केमी (वस्तूचे कॉइन करणारा मंत्र) मारली की तिचे १५,३६० कॉइन मिळतात, म्हणून बाजारभावही साधारण त्याच्या आसपासच राहतो. या गेममध्ये तुमची स्मिथिंग तुमच्या लढाईच्या मागेच धावणार, सगळ्यांचीच धावते. तेव्हा 'माझं हत्यार मी करणार' हे डोक्यातून काढा आणि फक्त एक्सपी बघा.

आता एक्सपीचं. ऐरणीवर एक्सपी हत्याराला मिळत नाही, बारला, म्हणजे धातूच्या कांडीला मिळतो. ब्राँझच्या एका बारला १२.५, लोखंडाला २५, स्टीलला ३७.५, मिथ्रिलला ५०, अडमंटला ६२.५, रून या धातूला ७५. डॅगर, मेस, स्वोर्ड यांना एक बार जातो. सिमिटार आणि लाँगस्वोर्डला दोन, वॉरहॅमर, बॅटलअ‍ॅक्स आणि टू-हँडेड स्वोर्डला तीन, प्लेटबॉडीला, म्हणजे छातीच्या चिलखताला, पाच. आणि खरी मेख ही की वस्तू कुठलीही असो, ती व्हायला वेळ सारखाच: ५ टिक, म्हणजे ३ सेकंद. डॅगरला ३ सेकंदांत २५ एक्सपी, लोखंडी प्लेटबॉडीला त्याच ३ सेकंदांत १२५. तुम्ही गाडीभर माल एकेक वीट करून उतरवताय, म्हणून लेव्हल हलत नाही.

पण प्लेटबॉडीला ३३ लेव्हल लागते, तुम्ही २२ वर. मधला रस्ता ठोकत काढायचा नाही. 'द नाइट्स स्वोर्ड' ही क्वेस्ट (गेममधली कामगिरी) फ्री अकाउंटलाही खुली आहे आणि ती संपली की एकदम १२,७२५ स्मिथिंग एक्सपी मिळतो. तुम्ही २२ वर नुकतेच पोचला असाल तरी तुमच्याकडे ५,६२४ आहेत. बेरीज १८,३४९. ३३ ला लागतात १८,२४७. म्हणजे नेमके ३३ वर जाऊन बसाल. लेव्हल १ वरून ही क्वेस्ट केली तर २९ वर सोडते, पण तुमचे डॅगर अगदीच वाया गेले नाहीत म्हणायचं.

क्वेस्टला मायनिंग १० हवं, एक पिकअ‍ॅक्स, दोन लोखंडी बार आणि एक रेडबेरी पाय. पाय भाजत बसू नका, एक्स्चेंजवर मिळतो. फॅलडोरच्या किल्ल्याच्या अंगणात स्क्वायर उभा असतो, त्याच्याशी बोला. मग व्हॅरॉकच्या राजवाड्यातल्या लायब्ररीत रेल्डोशी बोला. मग पोर्ट सरीमच्या दक्षिणेला थर्गो नावाचा बुटका लोहार आहे, त्याला पाय द्या आणि तलवारीचं विचारा. तो म्हणतो चित्र आणा. परत फॅलडोर, स्क्वायरला सांगा, किल्ल्याच्या वरच्या मजल्यावर सर व्हायव्हिनच्या खोलीतलं कपाट उघडा. व्हायव्हिन समोर असेल तर तो कपाटाला हात लावू देत नाही. कुणीतरी त्याला बोलण्यात गुंतवलं किंवा तो जरा बाजूला झाला की चित्र काढून घ्या.

अवघड भाग ब्लुराइटचा, म्हणजे त्या तलवारीला लागणाऱ्या खनिजाचा. थर्गोच्या शेजारीच बर्फाची गुहा आहे, आत खोलवर ब्लुराइटचे खडक, आणि त्यांच्याभोवती ५३ लेव्हलचे आइस जायंट आणि ५७ लेव्हलचे आइस वॉरियर. तुमची लढाईची लेव्हल कमी असेल तर ते आपणहून अंगावर येतात. तिथं लढायचं नाही. रन एनर्जी पूर्ण भरून जा, पिशवीत पिकअ‍ॅक्स सोडून सगळं खाणं भरा, सरळ खडकापर्यंत पळा, खनिज घ्या आणि पळत बाहेर या. एकाऐवजी दोन खनिजं घेता आली तर घ्या, तलवार कुठं हरवली तर पुन्हा आत जायला नको. आणि ही फेरी लाईटच्या किंवा नेटच्या भरवशाच्या वेळी करा. ऐरणीपाशी नेट गेलं तर काही बिघडत नाही. गुहेत मार खाताना गेलं तर तुमचं कॅरेक्टर लगेच गेममधून निघत नाही, तिथंच उभं राहून मार खातं.

खनिज, दोन बार आणि चित्र थर्गोला दिलं की तलवार मिळते, ती स्क्वायरला दिली की काम झालं.

३३ नंतर व्हॅरॉकची पश्चिमेकडची बँक. ऐरणी तिच्या लगेच दक्षिणेला आहेत, फ्री अकाउंटला याहून जवळची जागा नाही. पिशवीला २८ कप्पे, एक हातोड्याला, उरले २७. पाच प्लेटबॉडींना २५ बार. मोबाइलवर सगळ्यात जास्त वेळ जातो तो एका चुकीनं: माल बँकेत टाकताना 'सगळं जमा' हे बटण दाबलं की हातोडाही आत जातो, आणि ऐरणीपाशी गेल्यावर कळतं. त्याऐवजी एका प्लेटबॉडीवर दाबा, 'ऑल' निवडा. हातोडा पिशवीतच राहतो. ऐरणीच्या खिडकीतही संख्या 'ऑल'वर ठेवा.

३३ ते ४८ चा हिशेब: ६४,६६५ एक्सपी हवेत, म्हणजे ५१८ लोखंडी प्लेटबॉडी, २,५९० बार, १०४ फेऱ्या. नुसता ठोकण्याचा वेळ २६ मिनिटं. फेऱ्या धरून तासभर, फार तर सव्वा तास. हेच डॅगरनं केलं असतं तर नुसतं ठोकायलाच दोन तासांवर गेले असते.

इथं बरेच जण सांगतील की ३० झालं की स्टील घ्या. बारच्या हिशेबानं ते बरोबर आहे, त्याच ६४,६६५ ला स्टीलचे १,७२५ बार पुरतात. वेळेच्या हिशेबानं नाही. ४८ पर्यंत स्टीलची पाच बारची वस्तू करताच येत नाही. वॉरहॅमर ३९ ला, बॅटलअ‍ॅक्स ४० ला, टू-हँडेड ४४ ला, आणि तीन बारच्या वस्तूला एका वेळी ११२.५ मिळतात, लोखंडी प्लेटबॉडीच्या १२५ पेक्षा कमीच. एक्स्चेंजवर दोन्ही बारचे भाव बघा, २,५९० लोखंडी आणि १,७२५ स्टीलचे असे गुणून. विकून किती परत येतं तेही बघा. माझं मत लोखंडाचं, पण त्या दिवशीचा भाव माझ्या मताहून मोठा.

'हत्यारच करायचंय' हा हट्टच असेल तर टू-हँडेड स्वोर्ड करा. २७ बारचे नऊ, एकही कप्पा रिकामा जात नाही. पाच प्लेटबॉडींना १५ सेकंद लागतात, या नऊ तलवारींना २७, म्हणून प्रत्येक फेरीला हाताला थोडी जास्त विश्रांती. लोखंडी २९ ला, स्टील ४४, मिथ्रिल ६४, अडमंट ८४, रून थेट ९९ ला. रूनच्या टू-हँडेडचे अल्केमीला ३८,४०० येतात, पण ते बघायला १,३०,३४,४३१ एक्सपी लागतात.

४८ झालं की स्टील प्लेटबॉडी. एका वेळी १८७.५. ६८ पर्यंत साधारण १३,९०० बार, तिथून पुढं मिथ्रिल प्लेटबॉडी. कंटाळवाणं आहे, लपवत नाही. फ्री अकाउंटवर मात्र एवढंच आहे.

बार स्वतः गाळायचे असतील तर लोखंडाबद्दल आधी कळू दे: साध्या भट्टीत निम्मं खनिज वाया जातं. दोष तुमचा नाही, गेमचाच तसा नियम आहे. २,५९० बारना जवळजवळ ५,२०० खनिजं धरून चाला. रिंग ऑफ फोर्जिंग घातली तर १४० बारपर्यंत एकही वाया जात नाही, मग अंगठी विरघळते. मॅजिक ४३ असेल तर सुपरहीट आयटम या मंत्रानंही वाया जात नाही, दर बारला एक नेचर रून आणि चार फायर रून (या रून म्हणजे मंत्राला लागणारे दगड, धातू नव्हे). स्टीलला एका खनिजाला दोन कोळसे: ९ खनिज, १८ कोळसे, एवढीच पिशवी लावा. मिथ्रिलला चार, अडमंटला सहा, रूनला आठ कोळसे.

आता मेंबरशिप, म्हणजे पैसे भरून मिळणारं पूर्ण अकाउंट, घ्यायची वेळ आली तर. खरे पैसे घालायचे नसतील तर गेममधल्या कॉइननी एक्स्चेंजवर बाँड घ्या, त्यावर मेंबरशिपचे १४ दिवस मिळतात. ते १४ दिवस ऐरणीपाशी घालवू नका. २०२२ पासून जायंट्स फाउंड्री आहे, अल खरीदच्या पूर्वेला, 'स्लीपिंग जायंट्स' क्वेस्ट केली की उघडते, स्मिथिंग १५ पुरतं. बेळगावच्या उद्यमबागेत कुणी नातेवाईक ओतकामात असेल तर तुम्हाला हे समजवावंच लागणार नाही: आधी साचा, मग मूस भरा, ओता, आणि मग तापमान सांभाळत हत्यार घडवा.

कोव्हाक नावाचा राक्षस ऑर्डर देतो, दोन गुण सांगतो, उदाहरणार्थ अरुंद आणि हलकी. साच्याचे तीन भाग असतात, प्रत्येकात त्या दोन गुणांना जास्त पॉइंट देणारा तुकडा निवडा. मुशीत २८ बार बसतात. एकाच धातूचे २८ टाकू नका, तुमच्या लेव्हलला चालणारे वरचे दोन धातू १४-१४ टाका, मिश्रधातूचा दर्जा चढतो. तुम्हाला ३३ ला लोखंड आणि स्टील, ५० ला स्टील आणि मिथ्रिल, ७० ला मिथ्रिल आणि अडमंट.

बारऐवजी तयार वस्तूही मुशीत जाते, एक बार कमी धरून. पाच बारच्या प्लेटबॉडीचे चार, तीन बारच्या टू-हँडेडचे दोन. म्हणजे सात टू-हँडेड झाले १४ बार, किंवा तीन प्लेटबॉडी आणि एक प्लेटलेग्ज. एक्स्चेंजवर प्लेटबॉडीला फारसं गिऱ्हाईक नसतं, बऱ्याचदा ती बारांहून स्वस्त पडते. वर ठोकलेल्या ५१८ प्लेटबॉडी त्यामुळे मेंबरशिपचा विचार असेल तर विकू नका. डॅगर मात्र तिथं निरुपयोगी, एकातून एक वजा.

ओतलेला तुकडा उचलायला बर्फाचे हातमोजे किंवा पाण्याची बादली हवी. मग तापमानाची पट्टी: लाल भागात ट्रिप हॅमर, पिवळ्यात ग्राइंडस्टोन, हिरव्यात पॉलिशिंग व्हील. हॅमर आणि व्हील तुकडा थंड करत जातात, ग्राइंडस्टोन तापवत जातो. म्हणून हॅमरला जाताना लालच्या वरच्या टोकाला न्या, ग्राइंडस्टोनला जाताना पिवळ्याच्या खालच्या टोकाला. चुकीच्या तापमानात एक घाव घातला तरी दर्जा उतरतो आणि एक्सपी दर्जावर ठरतो. लाव्हात हळू तापवणं आणि झटकन बुडवणं असे दोन पर्याय असतात, थंड करायला धबधब्याखालीही तसेच. फार लांब असाल तरच बुडवा. लोहार विळ्याला पाणी देताना जसा बेतानं देतो तसं, नाहीतर हवा तो भाग ओलांडून पलीकडे जाता. मध्येच एखाद्या यंत्रावर चमक दिसली की लगेच त्यावर पुन्हा दाबा, काम पुढं सरकतं.

केलडाग्रिम या बुटक्यांच्या शहरातली ब्लास्ट फर्नेस, म्हणजे बार गाळायची मोठी भट्टी, ही पुढची गोष्ट, तिथं कोळसा निम्मा लागतो आणि लोखंड वाया जात नाही. स्मिथिंग ६० च्या आत असाल तर दर १० मिनिटांना फोरमनला २,५०० कॉइन, शिवाय तासाला ७२,००० बुटक्यांच्या पेटीत. पैसे कमी असताना जाऊ नका.

आणि व्हॅरॉकला बँकेपाशी कुणी म्हणालं 'तुझं आर्मर फुकट ट्रिम करून देतो' किंवा 'कॉइन दुप्पट करतो', तर ट्रेडची खिडकी बंद करा. आर्मर ट्रिम करायचं, म्हणजे चिलखताला शोभेची कडा लावायचं, काम या गेममध्ये कुठल्याच स्किलला येत नाही.