उवा परत परत होतात, कारण नववा दिवस चुकतो

ताई, तुमचा प्रश्न मी नीट वाचला. मे महिन्यात सोलापूरहून कोल्हापुरात राहायला आलात. मुलगी दुसरीत आहे. शाळा सुरू होऊन पंधरा दिवस होतायत तोच ती डोकं खाजवायला लागली, आणि तिला उवा पहिल्यांदाच झाल्या आहेत. दोन महिन्यांत दोनदा औषध लावलं, तरी परत झाल्या. वर्गातल्या बाईंनी वहीत शेरा लिहून पाठवला. सासूबाई म्हणतात, इथलं पाणी आणि पावसाळी हवा पोरीला सोसत नाही, केसच कापून टाक. कापू का, असं तुम्ही विचारलंय.

नका कापू.

मी राजारामपुरीत मेडिकल चालवते. दर वर्षी शाळा सुरू झाल्या की महिन्याभरात आया येऊ लागतात. आधी तापाच्या गोळ्या घेतात, गर्दी सरेपर्यंत थांबतात आणि मग हळू आवाजात उवांचं औषध मागतात. ही लाज मला फार खुपते, कारण उवांचा अस्वच्छतेशी संबंध नाही. रोज न्हालेल्या डोक्यातही त्या तितक्याच सुखाने राहतात. पाणी सोलापूरचं असो की पंचगंगेचं, त्यातून ऊ येत नाही. दमट हवेतून, घामातून किंवा अंगातल्या उष्णतेतूनही येत नाही. तिला पंख नाहीत, उडी मारता येत नाही. ती फक्त चालते, आणि डोक्याला डोकं लागलं की एका केसावरून दुसऱ्या केसावर जाते.

आणखी एक गोष्ट सांगते, ती वाचून वर्गातल्या मुलींवरचा तुमचा राग थोडा कमी होईल. खाज ही उवेच्या लाळेची ॲलर्जी असते. ज्या मुलीला पहिल्यांदाच उवा होतात तिच्या अंगात ती तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. म्हणजे जूनअखेरीला खाज सुरू झाली असेल, तर ऊ डोक्यात शिरली बहुधा मे महिन्यात. तेव्हा शाळेला सुट्टी होती. लग्नघरी किंवा आजोळी सगळी पोरं ओळीने एकाच गादीवर झोपतात, एका मोबाइलवर चार डोकी वाकतात, तिथेच कुठेतरी ती आली असेल. वर्गात कुणाकडून आली हे शोधण्यात वेळ घालवू नका.

आता दोनदा औषध लावूनही उवा का गेल्या नाहीत ते बघू. तुम्ही लिहिलंय की पहिल्यांदा जुलैच्या सुरुवातीला लावलं आणि दुसऱ्यांदा ऑगस्टमध्ये, परत दिसल्या तेव्हा. चूक इथेच झाली, आणि ती तुमची एकटीची नाही, माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक घरांत हीच होते. उवांसाठी सहसा १ टक्का पर्मेथ्रिन देतात. त्याने चालत्या उवा मरतात, पण सगळ्या लिखा मरतात असं नाही. लीख म्हणजे अंडं, केसाच्या मुळाशी पक्कं चिकटवलेलं. ते ७ ते १० दिवसांत फुटतं. बाहेर आलेलं पिल्लू साधारण ९ ते १२ दिवसांत मोठं होतं आणि मग स्वतः अंडी घालायला लागतं, दिवसाला सहा ते दहा. म्हणून पहिल्या औषधातून वाचलेली बहुतेक अंडी फुटून झालेली असतील, पण पिल्लं अजून अंडी घालण्याइतकी मोठी झालेली नसतील, अशा मधल्या वेळी दुसरं औषध लागतं. तो नववा दिवस. औषधाचा दिवस सोडून मोजायचं: रविवारी लावलं तर पुढचा रविवार गेला की त्यानंतरचा मंगळवार. तुम्ही महिन्याने लावलं, तोवर नवी पिढी तयार होऊन तिचीही अंडी पडली होती.

औषध लावण्याची पद्धतही महत्त्वाची. आधी साध्या शाम्पूने केस धुवा आणि टॉवेलने टिपून घ्या. कंडिशनर लावू नका, त्याचा थर बसला की औषध केसाला धरत नाही. मग कानामागे आणि मानेवरच्या केसांत मुळापासून नीट लावा, कारण उवांचं मुख्य ठाणं तिथेच असतं. डोळ्यांवर घडी केलेला रुमाल धरायला सांगा. दहा मिनिटांनी धुवा आणि पुढचे एक-दोन दिवस डोकं धुऊ नका. ८ ते १२ तासांनी फणी फिरवून बघा. उवा सुस्तावल्यासारख्या हळू चालत असतील तर औषध काम करतंय, फणीने काढून टाका. आधीसारख्याच चपळ पळत असतील, तर तेच औषध पुन्हा पुन्हा ओतू नका, डॉक्टरांना दाखवा. आयव्हरमेक्टिनचं लोशन आहे, आणि १५ किलोच्या वर वजन असेल तर गोळीही देता येते, पण ते डॉक्टरांनीच ठरवायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला तर औषध लावायचंच नाही, उवा हातानेच काढायच्या.

दुकानात एक गोंधळ नेहमी बघते. ५ टक्के पर्मेथ्रिनचं क्रीम खरजेचं असतं. घरात उरलेलं तेच क्रीम पोरीच्या डोक्याला चोपडतात. तसं करू नका. गॅमा बेंझिन हेक्झाक्लोराइडची जुनी बाटली कपाटात असेल तर मुलांच्या डोक्याला मुळीच लावू नका, त्याचा मेंदूवर परिणाम होऊन झटके येऊ शकतात.

खरा भरवसा मात्र फणीवर ठेवा. आपल्या आज्या दुपारी उंबऱ्यात बसून पोरींची डोकी बघायच्या, ते अगदी बरोबर होतं. रुंद दातांचा कंगवा उपयोगाचा नाही. अगदी बारीक, एकमेकांना चिकटलेल्या दातांची फणी घ्या. महाद्वार रोडला बांगड्या-रिबिनींच्या दुकानांत विचारा. स्टीलची असेल तर उत्तम. ओल्या केसांना भरपूर कंडिशनर लावा (औषधाच्या दिवशी नव्हे), म्हणजे ऊ जरा वेळ जागच्या जागी थिजते आणि फणीही सरकते. खोबरेल तेलानेही फणी छान फिरते, पण नुसतं तेल लावून उवा मरतात या भरवशावर राहू नका. त्या श्वास बंद करून तासन्‌तास तग धरतात. भांग पाडत एकेक बट घ्या, फणी टाळूला टेकवा आणि टोकापर्यंत ओढा. प्रत्येक वेळी पांढऱ्या कापडावर पुसून बघा. लांब केसांना अर्धा-पाऊण तास लागतो. पहिला, पाचवा, नववा आणि तेरावा असे चार दिवस हे करा. मुलीला गोष्ट सांगत करा, ओरडत नको.

पांढरं दिसलं की लगेच लीख समजू नका. कोंडा फुंकरीने किंवा बोटाने सुटतो, लीख सुटत नाही, नखाने ओढत आणावी लागते. टाळूपासून सेंटिमीटरभर लांब असलेली लीख बहुधा रिकामं टरफल असते, कारण केस महिन्याला साधारण तेवढाच वाढतो. चालती ऊ दिसली तरच पहिलं औषध लावायचं.

आता जी गोष्ट सांगताना अजूनही माझे हात थरथरतात ती. माझी धाकटी सहा वर्षांची असताना शेजारच्या मावशींनी सीताफळाच्या बियांची पूड आणून दिली. "अगं लाव की, आमच्या येळंला हेच व्हतं." मी दुकानात होते, त्यांनीच मायेने लावली. डोकं धुताना पाणी डोळ्यांत उतरलं. रात्री पोरीला उजेड सहन होईना, डोळे लालभडक, अश्रू थांबेनात. नेत्रतज्ज्ञांनी सांगितलं की बुबुळावरचा पापुद्रा सोलला गेलाय. आठवड्याने बरी झाली. या पुडीमुळे डोळ्याला इजा होते हे डोळ्यांच्या डॉक्टरांना चांगलं ठाऊक असतं, घरोघरी मात्र ती अजून लावली जाते. रॉकेलचंही तसंच. टाळू भाजते, आणि तशा केसांनी पोरगी गॅसजवळ गेली तर काय होईल याचा विचारही करवत नाही. झुरळांचा खडू विष आहे. तेलात कापूर घालून ठेवलेली बाटली लहान मुलाच्या हाती लागली तर थोडासा कापूर पोटात गेल्यानेही झटके येतात. ताई, सासूबाईंना यातलं काही माहीत नसेल, त्या काळजीपोटीच सांगतात. त्यांना हे शांतपणे समजावा.

त्याच दिवशी घरातल्या सगळ्यांची डोकी बघा, सासूबाईंचंही आणि यजमानांचंही. एका अंथरुणात झोपणाऱ्यांना मात्र ऊ दिसली नाही तरी सोबतच औषध लावा. तुम्ही गरोदर असाल किंवा अंगावर पाजत असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. उशांचे अभ्रे आणि टॉवेल गरम पाण्यात धुवा, फण्या पाच-दहा मिनिटं कडक पाण्यात बुडवून ठेवा. एवढं पुरतं. डोक्याबाहेर ऊ एक-दोन दिवसांपलीकडे जगत नाही, त्यामुळे गाद्या फेकणं, घरात फवारणी करणं हे सगळं वाया.

खाजवून जखमा झाल्या असतील, पू किंवा पिवळी खपली दिसत असेल, मानेमागे गाठी आल्या असतील किंवा ताप असेल, तर आधी डॉक्टर, मग औषध. सीपीआर या इथल्या सरकारी दवाखान्यात त्वचारोग विभाग आहे, पैशांची अडचण असेल तर तिथे दाखवा.

शाळा बुडवू नका. डोक्यातल्या उवांमुळे दुसरा कुठला रोग पसरत नाही. बाईंना एकटं गाठून सांगा की उपचार सुरू आहेत, आणि सगळ्याच पालकांना एका दिवशी डोकी तपासायला सांगता येईल का ते विचारा. एकाच घराने फणी चालवून वर्ग स्वच्छ होत नाही. पुढे मात्र दर रविवारी न्हाणं झालं की एकदा फणी फिरवा, शाळेत जाताना दोन घट्ट वेण्या घाला, कंगवा-रिबिनी वाटून घेऊ नका म्हणून सांगा. उवा नसताना औषध लावून ठेवण्याने काही साधत नाही.

केसांचं शेवटी सांगते, कारण मी स्वतः ते केलंय. थोरली तिसरीत असताना घाईने तिचे कमरेपर्यंतचे केस कानापाशी कापले. दोन महिने ती आरशासमोर उभी राहिली नाही. आणि उवा? त्या टाळूपाशीच राहतात, अंडीही तिथेच घालतात. पंधरा दिवसांत परत दिसल्या. मी तेव्हा दुसरं औषध लावलंच नव्हतं.

या रविवारी पहिलं औषध लावा आणि तेव्हाच कॅलेंडरवर नवव्या दिवसाच्या मंगळवारभोवती लाल पेनाने गोल करा. त्या दिवशी औषध लावल्यावर फणीला काय येतंय ते मला इथे कळवा, मी वाट बघते.