नंबर बरोबर, तरी चष्मा जमत नाही? प्रोग्रेसिव्हबद्दल प्रश्नोत्तरे

नव्या प्रोग्रेसिव्हमधून वाचताना हनुवटी वर करावी लागते. नंबर परत तपासला, तो बरोबर निघाला. जिना उतरताना पायऱ्या हलतात. (शिक्षिका, विश्रामबाग, सांगली)

बाई, नंबर बरोबरच असेल. काच खाली बसली आहे. या काचेत लांबचा नंबर वर, जवळचा तळाशी आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात तो हळूहळू चढत जातो. नव्या काचेवर आखलेली फुली बुबुळासमोर यायला हवी. ती तीन-चार मिलिमीटर खाली गेली, की जवळच्या नंबरापर्यंत नजर पोहोचवायला मान मागे टाकावी लागते. (लांबचं बघायला मान खाली घालावी लागली, तर काच वर बसली समजा.) आधी फ्रेम घसरते का बघा. नोजपॅड नीट केल्यावर बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात. फ्रेम जागेवर असूनही त्रास असेल, तर फ्रेममधली बुबुळाची उंची पुन्हा मोजून घ्या. मोजणाऱ्याने तुमच्यासमोर, तुमच्या डोळ्यांच्या पातळीत बसायचं असतं. उभ्याउभ्या स्केचपेनचा ठिपका ठेवून माप होत नाही.

जिन्यावर नुसती नजर नको, मान खाली घाला. तळाचा नंबर हातातल्या वहीसाठी आहे, पायरीसाठी नाही.

ऑनलाइन मागवताना पीडी (दोन बुबुळांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये) ६४ भरला. चालेल? (इस्लामपूर)

साध्या काचेला बहुधा चालेल. प्रोग्रेसिव्हला दोन्ही डोळ्यांचे वेगळे आकडे लागतात. नाक अगदी मधोमध असतंच असं नाही. ६४ म्हणजे ३१ आणि ३३ही असू शकतात. शिवाय उंचीचं माप तुम्ही निवडलेली फ्रेम तोंडावर बसवूनच घेता येतं.

मी सतारी बनवतो, वय ५८. लांबचा नंबर नाही, अ‍ॅड (जवळचं बघायला वाढवलेला नंबर) +२.२५. जवारी (तारा टेकतात त्या घोडीचा माथा) घासताना बायफोकल उत्तम, पण पडदे (दांडीवरच्या आडव्या पट्ट्या) बांधताना वरून धूसर, खालून पुढे वाकावं लागतं. (मिरज)

तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण कुठल्या अंतरावर अडतं ते त्यात आहे. बहुतेक जण नुसतं 'दिसत नाही' एवढंच लिहितात. +२.२५ साधारण ४५ सेंटिमीटरच्या आसपास काम करतो. पडदे तुमच्या डोळ्यांपासून ६५-७० वर असतील, तर तिथे +१.५० च्या जवळपास लागेल, आणि बायफोकलमध्ये मधलं काहीच नसतं. भोपळा मांडीवर घेऊन दोन्ही अंतरं टेपने मोजा, तो कागद तपासणीला न्या. वर लांबचा नव्हे, पडद्यांच्या अंतराचा आणि खाली जवारीच्या अंतराचा नंबर घातलेला बायफोकल कामापुरता करून घ्या. महागड्या काचेची गरज नाही.

काच उजेडात धरली की दोन बारीक गोल दिसतात. काच खराब आहे का? (तासगाव)

नाही, ती कंपनीची कोरीव खूण. गोलांमध्ये ३४ मिलिमीटर अंतर असतं, आणि कानाकडच्या गोलाखाली सहसा अ‍ॅड कोरलेला असतो: २० म्हणजे +२.००. तो चिठ्ठीशी ताडून बघा. याच गोलांवरून पुसलेली फुली परत आखता येते. तरी नवा चष्मा घेताना फुली लगेच पुसू देऊ नका. चष्मा लावून आरशात सरळ बघा, बुबुळावर आली का ते पाहा. मग फिरवू दे स्पिरिटचा बोळा.