सोलापुरात उन्हाळ्यात बोअरची मोटार हवा ओढते, तेव्हा डाळिंबाच्या ठिबकच्या मायक्रोट्यूबमधून (झाडाला पाणी देणाऱ्या बारीक नळीतून) पाणी इतकं कमी का येतं?

कारण बारीक नळीत प्रत्येक बुडबुडा थोडा थोडा दाब खातो आणि बुडबुडे ओळीने आले की ही तूट साचत जाते. १ मिमी व्यासाच्या नळीत पृष्ठताणामुळे पाणी-हवेच्या एका वक्र टोकाशी सुमारे २९० पास्कल, म्हणजे साधारण ३ सेंमी पाण्याइतका दाबफरक असतो. बुडबुडा थांबलेला असताना पुढच्या-मागच्या टोकांचे फरक बहुतेक एकमेकांना खोडतात. सरकताना टोकांचे आकार वेगळे होतात, आणि त्यातला काही हिस्सा वाया जातो. नळी आतून कोरडी असेल तर जास्तच. म्हणून हवा किती, यापेक्षा तिचे तुकडे किती झाले हे जास्त महत्त्वाचं! ओल्या नळीतल्या लांब बुडबुड्याचं गणित शास्त्रज्ञ ब्रेथरटन यांनी १९६१ साली मांडलं: वेग दुप्पट झाला तर दर बुडबुड्यामागे होणारी दाबाची तूट साधारण १.६ पट होते.

मात्र हे १६ मिमीच्या लॅटरलला (झाडांच्या ओळीतून जाणाऱ्या नळीला) लागू नाही. तिथे हवा उंचवट्यावर अडकते, त्यासाठी सबमेनच्या (लॅटरलना पाणी देणाऱ्या पाइपच्या) उंच जागी एअर व्हॉल्व्ह बसवा. आणि हवेला दोष देण्याआधी नळीच्या तोंडाशी क्षार साचलेत का ते जरूर बघा.