मांजरा नदीकाठच्या मातीतून प्राचीन डीएनए मिळू शकतो का?

विहीर खोदताना वाळूच्या थरात दगडासारखं जड हाड निघालं, आणि ग्रीनलंडच्या मातीतून 20 लाख वर्षांपूर्वीचा डीएनए मिळतो तर लातूरकडच्या मातीतून का नाही, असं तुम्ही विचारलंय. त्या हाडातून मिळणं जवळपास अशक्य. हाडाचा पार दगड झालाय, म्हणजे मूळचं फारसं काही उरलेलं नसणार. मातीतून मात्र, जागा बघून, कदाचित. पण वर्षं हजारांत मोजायची, लाखांत नाही.

अडचण उन्हाळ्याच्या 42 अंशांची नाही. काही मीटर खाली गेलं की जमिनीचं तापमान बारा महिने वर्षाच्या सरासरीइतकंच राहतं, आणि आपल्याकडे ती सरासरीच जास्त आहे. 2012 मध्ये न्यूझीलंडच्या मोआ पक्ष्याच्या हाडांवर झालेला अभ्यास बघा: सुमारे 13 अंशांत 242 अक्षरांचा (म्हणजे रासायनिक घटकांचा) डीएनएचा तुकडा दर 521 वर्षांनी निम्मा होतो, असं त्यात निघालं. आपली जमीन जवळपास दुप्पट गरम, आणि तुटण्याचा वेग तापमानापेक्षा कितीतरी भराभर वाढतो. ग्रीनलंडचा तो थर बहुतेक काळ गोठलेला होता, शिवाय तिथे डीएनए खनिजकणांना चिकटून टिकला होता.

आता गंमत अशी की चिकटून राहायला आपली काळी माती उत्तम. बेसॉल्ट हा काळा खडक झिजून तयार झालेल्या या मातीत स्मेक्टाइट नावाची चिकणमाती भरपूर असते, आणि ती डीएनए घट्ट धरून ठेवते. पण तीच माती उन्हाळ्यात भेगाळते, वरची ढेकळं भेगांत पडतात, पावसाळ्यात फुगून सगळं घुसळलं जातं. शेळीचा, सोयाबीनचा, ज्वारीचा आजचा डीएनए असा खोल उतरतो. जुन्याची ओळख पटते: त्याच्या तुकड्यांच्या टोकांना सायटोसिन हे अक्षर बिघडून थायमिन या दुसऱ्या अक्षरासारखं वाचलं जातं. पण चिमूटभर जुन्यावर ढीगभर नवं पडलं की ती ओळखही हाती लागत नाही.

2017 मध्ये युरोप आणि सायबेरियातल्या गुहांच्या मातीतून, हाड नसतानाही, निअँडरथल आणि डेनिसोव्हन या नामशेष झालेल्या माणसांचा डीएनए मिळाला. त्या थंड प्रदेशातल्या गुहा. आपल्याकडे अजिंठा-वेरूळ आहे, पण ती कोरलेली लेणी. हजारो वर्षांचे थर साठलेल्या चुनखडीच्या गुहा बेसॉल्टच्या या मुलखात कुठून आणणार? गावाजवळची पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीची टेकाडं जुनी खरी, पण कोरडी, आणि माळवदांवर माती टाकायला लोकांनी ती कधीच पोखरलीत.

माझी पसंती पाण्याखालच्या गाळाला. पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनसारख्या उष्ण देशात तळ्याच्या गाळातून सुमारे 5,000 वर्षांपर्यंतच्या वनस्पतींचा डीएनए वाचता आलाय. अट एकच, गाळ सतत ओला आणि हवेपासून दूर हवा. आपले तलाव दुष्काळात उघडे पडतात. 2016 मध्ये मांजरा धरणच आटलं आणि लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्यात भर म्हणून गाळ उपसून शेतात टाकायची योजना. शेतीला चांगलीच, पण थरांचा क्रम गेला. झरा न आटलेली, कधी न उपसलेली एखादी यादवकालीन बारव सापडली तर गाळाचा नमुना काढायला मी तिथे पहिली नळी घालेन. तिथेही फार तर काही शतकांची पिकं आणि जनावरं कळतील.

उष्ण प्रदेशात हाडांचीही गत फार वेगळी नाही. हरियाणातल्या राखीगढी या हडप्पाकालीन ठिकाणी 61 नमुने तपासले, त्यातल्या फक्त एका बाईच्या सांगाड्यातून कामापुरता डीएनए मिळाला. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर सुमारे 7,000 वर्षांपूर्वीच्या एका स्त्रीचा मिळाला, तोही आतल्या कानाभोवतीच्या घट्ट हाडातून.

तुमच्या हाडाचं मोल डीएनएवर अवलंबून नाही. मांजरा-गोदावरीच्या जुन्या वाळू-गोट्यांच्या थरांत हत्ती आणि रानबैलांचे जीवाश्म सापडलेत. तेव्हा हाड धुऊ नका, वार्निश तर अजिबात लावू नका. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा, जमिनीपासूनची खोली लिहून ठेवा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. विहिरीला कडं बांधायचं असेल तर त्याआधी त्या थराची ओंजळभर वाळू हाडाबरोबर वेगळ्या पिशवीत ठेवा. एकदा बांधकाम झालं की तो थर पुन्हा बघता येणार नाही.