चिनी एअरलाइनमध्ये परदेशी कॅप्टन म्हणून काम करणं कसं असतं? पैसा खरंच एवढा मिळतो का?

तुम्ही लिहिलंय की एअरबस ए-३२० विमानावर कमांड, म्हणजे कॅप्टनपद, मिळून तीन वर्षं झालीत, एका एजन्सीचा मेल आलाय आणि घरचे नको म्हणतायत. मी २०१५ च्या शेवटापासून २०२० च्या सुरुवातीपर्यंत तिथे याच विमानावर होतो. कंपनीचं नाव घेत नाही.

पैशाचं आधी उरकतो. हो, मिळायचा. त्या काळात कॅप्टनला महिन्याला वीस-पंचवीस हजार डॉलर हा आकडा नुसता जाहिरातीतला नव्हता, आणि तिथला कर बहुतेक ठिकाणी कंपनीच भरायची. को-पायलट ते सहसा बाहेरून घेत नाहीत, त्यांना हवा असतो तयार कॅप्टन. करार तीन वर्षांचा, मधेच सोडलात तर दंड. माझं सहा आठवडे काम आणि तीन आठवडे सुट्टी असं होतं. काहींचं चार-चार असायचं. ऐकायला ते छान वाटतं, पण चार-चारवाल्यांनी भारतातले दिवस वहीत मोजून ठेवावेत. आर्थिक वर्षात १८२ भरले की तुम्ही इथले निवासी, मग तिकडच्या पगाराचाही हिशेब इथे द्यावा लागतो.

निवडीच्या वेळी सगळ्यांना सिम्युलेटरवरच्या परीक्षेची भीती असते. तो अवघड असतोच: ऑटोपायलट, ऑटोथ्रस्ट, फ्लाइट डायरेक्टर सगळं बंद, एक इंजिन गेलेलं आणि वरून गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाणं. पण त्याची तयारी करता येते. माणसं गळतात ती मेडिकलला. आमच्या तुकडीतल्या एकाच्या पित्ताशयात खडा निघाला. बिचाऱ्याला आयुष्यात कधी पोटात दुखलं नव्हतं. तो तिथूनच परत. म्हणून निघण्याआधी इथेच पोटाची सोनोग्राफी आणि ट्रेडमिल टेस्ट करून घ्या, आणि तिथलं मेडिकल हातात आल्याशिवाय राजीनामा देऊ नका. आपल्याकडे २०१७ पासून कॅप्टनला वर्षभराची नोटीस लागते, ते त्या एजन्सीला आधीच सांगून टाका.

आता प्रत्यक्ष उडवण्याबद्दल. उंची मीटरमध्ये मिळते, हे तुम्ही वाचलं असेल. जमिनीवरून विमानांना सूचना देणारा कंट्रोलर म्हणतो ९,८०० मीटर, तुम्ही तक्त्यात बघता आणि ३२,१०० फूट लावता. १०,१०० म्हणाला की ३३,१००. वारासुद्धा मीटर प्रति सेकंदात सांगतात, आपल्या सवयीचे नॉट (वेगाचं एकक) हवे असतील तर दुप्पट करायचे. दोन आठवडे डोकं गरगरतं, मग सवय होते. मी तक्ता समोर क्लिपला लावून ठेवायचो, शेवटच्या दिवसापर्यंत लावला. पाठ झाला होता, तरी लावला.

सवय होत नाही ती बहिरेपणाची.

मुंबईला उतरताना तुम्ही रेडिओवर किती ऐकत असता, याचा विचार करा. पुढच्याला होल्डिंग दिलं, म्हणजे घिरट्या घालत थांबायला सांगितलं, त्याच्या पुढचा गो-अराउंड करतोय, कुणीतरी पावसामुळे डावीकडे वळण मागतोय. आपल्याला कुणी काही सांगत नाही, तरी पुढे काय वाढून ठेवलंय ते कळलेलं असतं. चीनमध्ये कंट्रोलर चिनी वैमानिकांशी चिनीत बोलतो आणि तुमच्याशी इंग्रजीत. म्हणजे तुम्हाला फक्त तुमच्यापुरतं कळतं.

पहिल्या उन्हाळ्यातली एक संध्याकाळ. ग्वांगचौला उतरत होतो, रडारवर वादळाची आडवी लाल रेघ. रेडिओवर चिनीत नुसता कल्लोळ, मधे श्वास घ्यायला जागा नाही. स्क्रीनवर पुढची विमानं एकामागून एक उजवीकडे सरकताना दिसत होती. मी को-पायलटला विचारलं, काय चाललंय? सत्ताविशीचा पोरगा, हुशार, उडवायचा सुरेख. तो दोन मिनिटं कान देऊन ऐकत राहिला, मग माझ्याकडे वळून म्हणाला, “वेदर, कॅप्टन.” दोन मिनिटांच्या बोलण्याचं भाषांतर एवढंच! त्याचा दोष नव्हता. इंग्रजी तो परीक्षेपुरतं शिकला होता, आणि कॅप्टनला न विचारता जास्त बोलायचं नाही ही तिथली रीत.

जमिनीवरही तेच. रोस्टर बदलला की वीचॅटच्या ग्रुपवर चिनीत येतो. सूचना चिनीत, मीटिंग चिनीत, शेवटी तुमच्याकडे बघून कुणीतरी “ओके?” म्हणतो. प्रत्येक फ्लाइटचा रेकॉर्डरमधला डेटा तपासला जातो. एकदा माझी चाकं जरा जोरात टेकली, कुणाच्या हातातला चहासुद्धा सांडला नसता. तिसऱ्या दिवशी बोलावणं. टेबलावर ग्राफ, समोर चार जण, वीस मिनिटं आपसात चर्चा. मग दुभाषी मुलीने सांगितलं, “पुढच्या वेळी काळजी घ्या,” आणि त्या महिन्याच्या पगारातून रक्कम कापली. वीस मिनिटांत माझ्याबद्दल काय-काय बोलले ते मला आजही माहीत नाही.

तरी एक कबूल करतो. शिस्त खरी आहे, कागदावरची नाही. प्रत्येक ड्युटीआधी श्वासाची चाचणी, चेकलिस्टमधला शब्द इकडचा तिकडे होत नाही. वर्षाला ९०० तासांची मर्यादा म्हणजे ९००. आणि देश बघायला मिळतो. घड्याळ सगळीकडे बीजिंगचंच, त्यामुळे जूनमध्ये पार पश्चिमेकडच्या उरुमचीला उतरलं की रात्री पावणेदहालाही ऊन असतं. खोलीतले पडदे ओढून झोपायचं आणि घरी फोन लावायचा तर व्हॉट्सॲप बंद. आईने शेवटी वीचॅट शिकून घेतलं.

माझं संपलं ते अगदी फालतू पद्धतीने. २०२० च्या सुरुवातीला तीन आठवड्यांच्या सुट्टीवर नाशिकला आलो आणि २८ मार्चपासून चीनने परदेशी लोकांना आत घेणंच बंद केलं. आधी बिनपगारी रजा, मग करार संपल्याचा मेल. दोन बॅगा आणि एक प्रेशर कुकर अजून तिकडेच आहे. तेव्हाचे बरेच परदेशी कॅप्टन परत गेलेच नाहीत. म्हणून करारात एक ओळ मुद्दाम शोधा: तुमची चूक नसताना तुम्ही देशात येऊ शकला नाहीत तर पगाराचं काय? माझ्या करारात ती नव्हती, आणि मीही विचारली नव्हती.

जायचं ठरलंच तर ‘नी हाओ’ नंतर शिका. आधी रेडिओवरचे आकडे पाठ करा. हे बाजारातल्या चिनी आकड्यांपेक्षा थोडे वेगळे आहेत, ऐकण्यात गोंधळ होऊ नये म्हणून काही मुद्दाम बदललेले. एक ते नऊ क्रमाने: याओ, लियांग, सान, स्स, वू, लिऊ, ग्वाय, पा, च्यो, आणि शून्याला तोंग. मला हे दुसऱ्या वर्षी त्याच को-पायलटने हॉटेलच्या नॅपकिनवर लिहून दिले. त्यानंतर पुढच्या विमानाला “तोंग च्यो तोंग” ऐकू आलं की मला कळायचं, त्याला ०९० हेडिंग दिलंय, म्हणजे तो पूर्वेला वळतोय, आणि थोड्या वेळात माझीही पाळी येणार.