मावशींचा पगार कुठून काढायचा?

प्रश्न: ताई, आई 74 ची आहे, बाबा गेल्यापासून माझ्याकडेच असते, कल्याणला. गेल्या वर्षी डॉक्टरांनी डिमेन्शिया सांगितला. मी नोकरीला जाते म्हणून ब्युरोतून दिवसपाळीच्या मावशी ठेवल्यात, त्यांचे 21 हजार, वर डायपर-औषधं 7-8 हजार, आणि आईची फॅमिली पेन्शन 13. उरलेलं माझ्या एफडी मोडून चाललंय. सांगलीचा आईच्या नावावरचा फ्लॅट बंद आहे. भाऊ बंगळूरला, तो म्हणतो "अगं ते 5 लाखांचं सरकारी कार्ड काढ, त्यात सगळं बसतं." खरंच बसतं का? आणि हे विचारायचं तरी कुणाला?

उत्तर: नाही बसत. भाऊ म्हणतो ते आयुष्मान वय वंदना कार्ड 2024 च्या ऑक्टोबरपासून 70 च्या पुढच्या सगळ्यांना मिळतं, उत्पन्न कितीही असो, तेव्हा काढून ठेवाच, उद्या आई पडली नि खुब्याचं ऑपरेशन निघालं तर योजनेतल्या हॉस्पिटलात ते उपयोगी पडेल. पण ते अ‍ॅडमिट झाल्यावरचं. घरी भरवणं, न्हाऊ घालणं, रात्री तीनला "मला घरी जायचंय" म्हणून कडी काढायला निघालेल्या आईला परत पलंगावर आणणं, याचे पैसे कुठलंच कार्ड देत नाही. श्रावणबाळ या ज्येष्ठांच्या सरकारी योजनेचे महिना 1500 असतात, पण त्याला वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत लागतं, म्हणजे पेन्शनमुळे तुम्ही तिथे बाद.

मग पैसे आहेत कुठे? सांगलीत. आईचा फ्लॅट कुलूप लावून ठेवायचा, वर त्याचा मेन्टेनन्स भरायचा आणि स्वतःच्या म्हातारपणाच्या एफडी मोडायच्या, हे मला अजिबात पटत नाही. भाड्याने द्या, नाहीतर विका. विकला तर सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीममध्ये आईच्या नावावर 30 लाखांपर्यंत ठेवता येतात, 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला 61,500 येतात, मावशींचा पगार जवळपास त्यातच निघाला की.

पण त्याआधी एक सांगा, आपण कशावर सही करतोय हे आईला अजून कळतं का? कळत असेल तर या महिन्यातच वकील गाठा, डॉक्टरांचं सर्टिफिकेट घ्या, फ्लॅटचं आणि मृत्युपत्राचं काय ते तिच्याशी बोलून तिच्या मर्जीने उरका. लोक पॉवर ऑफ अॅटर्नी करून निवांत होतात, पण माणसाची समजच गेली की ती पॉवरही संपते, मग पालक नेमून घ्यायला थेट हायकोर्टात जावं लागतं आणि तोवर फ्लॅट अडकून बसतो.

भावाचं म्हणाल तर 2007 चा कायदा आहे, प्रांत अधिकाऱ्याकडे अर्ज करून मुलांकडून महिना 10 हजारांपर्यंत निर्वाह मागता येतो, पण तो स्वतःच्या उत्पन्नातून किंवा मालमत्तेतून ज्यांचं भागत नाही अशा आईवडिलांसाठी. तुमच्या आईच्या नावावर फ्लॅट आहे, तिथेच अर्ज लंगडा पडेल, शिवाय घरात वैर. त्यापेक्षा असं करा, स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचा हिशोब लिहितो ना, त्याच्या शेजारी महिनाभर आईचा खर्च लिहा, डायपरच्या पाकिटापासून मावशींच्या रिक्षापर्यंत, आणि त्या पानाचा फोटो त्याला पाठवा. काही न बोलता. (बंगळूरला बसून "सगळं बसतं" म्हणणाऱ्याला एवढं कळायलाच हवं.) औषधं-डॉक्टरचे पैसे त्याला ऑनलाइन भरू दे, आईचा मेडिक्लेम नसेल आणि तो जुन्या करपद्धतीत असेल तर वर्षाला 50 हजारांपर्यंतच्या खर्चावर त्याला वजावटही मिळते, रोख दिलं तर नाही.

विचारायचं कुणाला, तर 14567, ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन, सकाळी 8 ते रात्री 8. पेन्शन, योजना, कायदा, सगळ्याबद्दल सांगतात.

आणि मावशींच्या सुट्टीच्या दिवशी तुम्ही एकट्याच असता ना? त्यातला महिन्याचा एक शनिवार-रविवार भावाकडे मागा. त्याने कल्याणला येऊन राहायचं, आईला तिकडे नेऊ नका, नवीन घरात ती जास्तच गोंधळेल.