माइने की आइने?

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा मेसेज पहाटे साडेतीनला वाजला, म्हणजे तिकडे जर्मनीत कोलोनला रात्रीचे अकरा. 'काका, तिनं माझा टाय कापला आणि गालावर मुका दिला. याचा अर्थ काय?' अर्थ एवढाच की टाय गेला. तिथल्या कार्निवल उत्सवातल्या त्या गुरुवारी बायका कात्री घेऊनच फिरतात, साहेबाचाही टाय सोडत नाहीत, आणि भरपाई म्हणून तो मुका देतात. (पुढच्या वर्षी जुना टाय घाल.)

पण कार्निवल संपून तीन आठवडे झाले. रोज लायब्ररीतून ट्रामच्या थांब्यापर्यंत सोबत, चिडवाचिडवी, रात्री पुन्हा मेसेज, हे काही त्या कात्रीमुळे नाही. यात मला वावगंही दिसत नाही. परक्या गावात आपल्या विनोदावर कुणी हसलं की जेवण गोड लागतं. कॉफीचे पैसे ती आपले आपण देते, त्यावरून काही ताडू नकोस. तिथे वेटरच विचारतो, एकत्र की वेगवेगळं?

खटकलं ते तुझं शेवटचं वाक्य. 'पुण्याचं तिला सांगितलं नाही, तशी वेळच आली नाही.' रोज दहा मिनिटं ट्रामची वाट बघता, त्यात वेळ आली नाही? व्हिडिओवर बोलून मुलीला होकार तूच दिलास ना?

१९९४ साली मी तिथेच होतो. एका वाढदिवसाला मी एकीची ओळख 'माइने फ्रॉयंडिन' अशी करून दिली. 'आइने' म्हणजे 'एक', तसं म्हटलं तर नुसती मैत्रीण; 'माइने' म्हणजे 'माझी', तसं म्हटलं की प्रेयसी. सगळे हसले, ती हसली नाही. व्याकरण चुकलं म्हणून मी निसटलो. चुकलं नव्हतं रे, मी अंदाज घेत होतो, आणि इकडे ठाण्याला तुझ्या काकूचं स्थळ पक्कं झालेलं. तिथली ती मैत्रीण दोन महिने माझ्या बोलण्याची वाट बघत होती, हे मला विमानतळावर निरोप घेताना कळलं. काकूला मी हे लग्नानंतर सात वर्षांनी सांगितलं. त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं.

तेव्हा उद्याच तिला पुण्याचं सांग. जर्मन अडलं तर इंग्रजीत सांग, पण 'घरच्यांनी ठरवलं' असं म्हणू नकोस. आणि सांगताना तोंडात 'माइने'च येत असेल, तर पुण्याच्या मुलीला तू स्वतः फोन करायचा, आईकरवी नाही. आईचं मी बघतो. हॉलचा ॲडव्हान्स अजून दिलेला नाही.

तुझा,
काका